पागातली फौज

कळवा,
रविवार, १ सप्टेंबर १९९६

चिरंजीव सीताराम,

चिरंजीव असं वर लिहायचं असतं म्हणून लिहिलं. मनातून आलं असं समजू नकोस.

तुझं कार्ड मिळालं. तेरा वर्षांनी पोराने आईला कार्ड टाकलं आणि त्यात ओळ एक. ‘शुभदाला यापुढे बोलावू नये.’ बोलावू नये! असं तर पाटीवर लिहितात, येथे थुंकू नये. खाली सही पण पुरती, सीताराम दामाजी कोळी, जशी काय मला ओळख पटणार नव्हती. पोस्टमन म्हणाला, वाचून दाखवू का आजी? म्हटलं, दे इकडे, येतं मला. साक्षरतेच्या वर्गाला दोन वर्षं गेले मी. आम्ही सहा म्हाताऱ्या आणि शिकवणारी पोर वीस वर्षांची. आवडाबाई आठव्या दिवशी पळाली. मला म्हणते, ‘काय गो ठमे, आता मामलेदार होनार हाईस काय?’ मी टिकले. दुसरीपर्यंतची शाळा अंगात कुठेतरी होतीच, घासली तर निघाली वर.

तर मी बोलावलं नाही तिला. ती आली. गेल्या दिवाळीनंतरचा शनिवार. मी ओट्यावर सुके बोंबील निवडत बसलेले. एक उंच पोरगी, खांद्याला पिशवी, विचारते, ‘दामाजी कोळ्यांचं घर हेच का?’ मी म्हटलं, ‘दामाजी जाऊन पाच वर्षं झाली. तू कोणाची?’ तर म्हणते, ‘त्यांचीच.’ मी अशी बसले की मांजराने दोन बोंबील उचलून नेले तरी हात हलला नाही. पाच वर्षांची असताना नेलीस तिला. कपाळ तुझं घेतलंय पोरीने. बाकी सगळं तिच्या आईचं, शालनचं, पण चालेल.

ठाण्याच्या कॉलेजातून पूल ओलांडला की कळवा. तिने पहिल्याच वर्षाला ओलांडला. तुला डोंबिवलीहून तेरा वर्षांत घरी यायला जमलं नाही.

पिशवीत काय होतं सांगू? तुझा पत्र्याचा डबा. तुमच्या माळ्यावर सापडला म्हणाली. त्यात तुझे ब्रश आणि ती वही, ज्यात कुठल्या कोटाला कुठला रंग ते तू लिहायचास. पप्पा शिशाचे सैनिक रंगवायचे हे त्या पोरीला कोणी सांगितलंच नव्हतं. तिने ठाण्याच्या दुकानातून प्लास्टिकचे आणले आणि वही बघून रंगवायला लागली. मग कोणाला तरी विचारायचं म्हणून मला शोधत आली. अरे, काय हात आहे तिचा! पट्टा ओढते तर सुरीने कापल्यासारखा. आणि तोंडाने सारखी बडबड. कॉलेजातल्या बाईंची नक्कल करते, मी हसून हसून खोकते. माझ्या या घरात कोणी हसलं नव्हतं रे किती वर्षं.

मला पण शिकवलं. आधी पांढऱ्याचा एक हात, मग कोट, मग पट्टे, चेहरा शेवटी. मी बूट करायचे. बुटाला काळा, चूक दिसत नाही. आता मी डोळे पण करते. मोतीबिंदू काढल्यावर बारीक दिसतं. ब्रशाने डोळा मोठा येतो, सैनिक दचकल्यासारखा दिसतो, म्हणून मी बोयी माशाचा काटा घेते. काट्याचं टोक रंगात बुडवायचं, श्वास धरायचा आणि टेकवायचं. शुभदा म्हणाली, ‘आजी, हे पप्पांच्या वहीत नाहीये.’ म्हटलं, तुझ्या पप्पाला काटा गिळता येत नव्हता, धरायचं तर सोडच.

माझंच चुकलं. तिला सुका जवळा बांधून दिला, तीन कागद गुंडाळून. शालनने पिशवी उघडली आणि जवळ्याने चुगली केली. काल तिसरा शनिवार कोरडा गेला. मी चहाचं आधण ठेवते आणि उतरवते.

तुझा राग मला माहीत नाही असं नाही. एकशे बारा सैनिक होते तुझे. चोरबाजारात फिरून एकेक तुटका आणायचास, हात नाही त्याला हात लावायचास, घोड्याला पाय. आणि ते तुझ्या बापाने वितळवून पागाच्या घेराला, जाळं बुडावं म्हणून, गोळ्या केल्या. झालं ते झालं. तो गेला, त्याचं त्याच्याबरोबर गेलं. त्याच्यासाठी माझ्या नातीला का कोंडतोस?

येत्या शनिवारी पाठव तिला.

आई


कळवा,
शुक्रवार, १३ सप्टेंबर

सीताराम,

उत्तर नाही. पोरगी नाही. शनिवार गेला.

पोस्टमन आता दुरूनच मान हलवतो, नाही म्हणून. आवडाबाई विचारते, ‘नात रुसली का गो?’ मी सांगते, परीक्षा आहे. कसली परीक्षा गणपतीच्या तोंडावर, पण तिला काय कळतंय.

पाठवणार नसशील तर निदान ऐक ती इथे काय करत होती, म्हणजे तुला वाटायला नको की म्हातारी तिला फितवते. ती तुझी फौज परत करत होती.

हो. प्लास्टिकवर तिचं मन भरेना. म्हणाली, ‘आजी, पप्पांचे शिशाचे होते ना? आजोबांचा पाग कुठाय?’ पाग माळ्यावर तसाच होता. फेकायचं जाळं घरात टांगून काय करायचं, पण माझ्याने देववेना कोणाला. तिने खाली काढला, घेरावरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘हे सगळे तेच ना? चल, आजोबांनी जे केलं ते आपण उलटं करू.’ आणि बसली गोळ्या सोडवायला. मी तिच्याबरोबर बसले. काय करणार?

तिने प्लास्टरचा साचा केला, दोन तुकड्यांचा. पहिल्यांदा ओतलं तर साचा ओला होता. शिसं असं उडालं की दोघी मोरीत जाऊन उभ्या राहिलो. मग तव्यावर ठेवून तीन दिवस वाळवला. पहिला सैनिक नाकाशिवाय आला. दुसऱ्याचे दोन्ही पाय एक झाले, माशासारखा. शुभदा म्हणाली, ‘हा आरमारातला.’ पाचवा नीट आला. इवलासा, जड, हातात गरम. सीताराम, मला तेव्हा कळलं तू रात्रीचं जेवण विसरून कशाला बसायचास. खोटं कशाला बोलू, अडुसष्टाव्या वर्षी कळलं.

आणि वैताग पण कळला. पिवळा सगळ्यात द्वाड, तीन हात दिले तरी खालचं दिसतंच. पावसाळी हवेत रंग वाळत नाही, माशी बसते आणि शिपायाच्या पाठीवर तिचे पाय उमटतात. एकाच्या टोपीचा तुरा मी सहा वेळा केला आणि सातव्यांदा तोच मोडला. मी अशी शिवी दिली की शुभदा म्हणाली, ‘आजी, ही वहीत लिहू का?’

एकोणीस झालेत. कपाटावर उभे आहेत, एका रांगेत. चेहरे मी केलेत आणि मी आपल्या रंगाचे केलेत. शुभदा म्हणते, ‘अगं आजी, हा इंग्रज आहे.’ म्हटलं, असेल, उन्हात उभा राहिला की होतो.

तुला आठवतं का, मी एकदा तुला म्हटलं होतं, एक तरी आपल्यासारखा कर रे. तू मान वर न करता म्हणालास, ‘आये, ही फ्रान्सची लढाई आहे. आपल्यासारखे तिथे नव्हते.’

नव्हते. बरोबर आहे. आपल्यासारखे इथे पण नव्हते. श्रावणातला तो रविवार आठव, मुंबईहून दोन साहेब तुझे सैनिक बघायला येणार होते. प्रदर्शनात ठेवायचे म्हणून. तू सकाळपासून उदबत्त्या लावल्यास, तीन, मग अजून तीन. मग मला म्हणालास, ‘आये, तू जरा आवडाबाईकडे बसशील? ते जाईपर्यंत. आणि मासळीची पाटी पण घेऊन जा.’ मी पाटी घेऊन गेले. दुपारभर तिच्या पडवीत बसले. ती विचारत राहिली, ‘घरी पावणे आणि तू हितं कशी गो?’ मी सांगितलं, गरम होतंय. साहेबांनी कोळंबी खाल्ली ना? वाहवा केली ना? मीच पहाटे उठून केलेली. कोळंबी चालली, कोळीण चालली नाही.

हे तुला आधी कधी बोलले नाही. आज लिहिता लिहिता आलं. खोडणार होते, पण वर्गातल्या बाई म्हणायच्या, खाडाखोड करू नका, स्वच्छ दिसत नाही.

पोरीला पाठव. गणपतीला तरी.

आई


कळवा,
सोमवार, ७ ऑक्टोबर

सीताराम,

आज तुझ्या बापाची तिथी. पान ठेवलं. तुझ्या बापाच्या होडीवरच्या गोमाजीने आणून दिलेल्या दोन बोयी केल्या. खाडीत आता मिळतात कुठे, फेस येतो नुसता.

आज दुसरं काहीच लिहायचं नाही, एकच लिहायचं आहे. म्हणून भांडी घासली, ओटा धुतला, आवडाबाईशी भांडून आले आणि आता बसले.

तुझे सैनिक तुझ्या बापाने वितळवले नाहीत. मी वितळवले.

तू आठ दिवस कामाने पुण्याला गेला होतास. साहेब येऊन गेल्याच्या तिसऱ्या दिवशी. शालन शुभदाला घेऊन माहेरी. तुझा बाप खाडीवर. नारळी पुनव जवळ आलेली आणि त्याचा पाग पुलाच्या खांबाला घासून अर्धा बोडका झालेला. शिसं नसलं तर पाग बुडत नाही, पदर पसरल्यासारखा वर तरंगतो, मासा खालून हसत जातो. तो रोज म्हणायचा, शिसं बघायला पाहिजे. मी मागच्या अंगणात चूल पेटवली आणि तुझी पेटी काढली. मनाशी म्हटलं, दोन तुटके आहेत, ते घालू.

दोन घातले. आधी रंग जळतो. लाल कोट काळा होतो, फुगतो, मग मान खाली जाते. धुराला असा वास येतो की अजून नाकात आहे. मग सगळं दुधासारखं सपाट. मला बरं वाटलं. हे लिहिताना हात थांबला, पण खरं तेच. मला फार बरं वाटलं. तिसरा तुटका नव्हता. मग मी मोजायचं सोडलं. विटेला खाच पाडून ओतत गेले. शेवटी पळी निसटली आणि उजव्या तळव्यावर आलं. तेव्हा थांबले, पण तेव्हा पेटीत काही राहिलंच नव्हतं.

पागासाठी केलं असं मी स्वतःला सांगत आले. एकशे बारा लागत नाहीत पागाला.

तुझा बाप आला. चूल बघितली, पेटी बघितली. खाली एक घोड्याचा पाय पडला होता तो उचलून खिशात घातला. मला ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. हाताला खोबरेल लावलं आणि म्हणाला, ‘सीतारामला मी सांगतो मी केलं म्हणून. तू तोंड उघडू नको. पोर बापावर रागावलं तर चार दिवसांनी येतं. आईवर रागावलं तर परत यायला घरच राहत नाही.’

तुझ्या फौजेला हातात दिवा धरून उभा राहायचा तो, माहीत आहे ना तुला? तुझ्यापेक्षा त्याला जास्त नावं पाठ होती.

तू आलास, विचारलंस, त्याने सांगितलं. तू त्याच संध्याकाळी पेटी रिकामी घेऊन निघालास. चार दिवस झाले, चार वर्षं झाली. त्याने तो पाग सात वर्षं टाकला. सात वर्षं तुझी फौज खाडीच्या तळाला जाऊन बोयी आणत होती आणि मी तळून वाढत होते. गावातली पोरं त्याला फौजखाऊ म्हणायची. ‘फौजखाऊ चालला रे होडीवर!’ तो हसायचा. मी दारात उभी राहून ऐकायचे आणि आत जायचे.

मेला तेव्हा तू स्मशानात लांब उभा राहिलास. खांदा दिला नाहीस. अग्नी गोमाजीच्या पोराने दिला. मी तेव्हाही बोलले नाही. तुला पत्र लिहून सांगायचं तर दुसऱ्याच्या हातून लिहवून घ्यावं लागलं असतं, असं कारण होतं माझ्याकडे. आता तेही राहिलं नाही.

शुभदाला आता तू पाठवणार नाहीस. कळतं मला. तरी लिहिलं. त्याच्या पानावर दोन बोयी ठेवून पुन्हा खोटं बोलवेना.

ठमाबाई


कळवा,
शनिवार, २६ ऑक्टोबर

सीताराम,

तुझं कार्ड गुरुवारी आलं. या वेळी चार ओळी. मी इतक्यांदा वाचल्या की पाठ झाल्या. ‘मला तेव्हाच कळलं होतं. तुझ्या हाताला फडकं होतं. बा खोटं बोलले म्हणून मी त्यांच्याशी बोललो नाही. तू कधी सांगतेस याची वाट बघत होतो. शुभदा येईल.’

शुभदा येईल हे शेवटचं वाचून मी नाचलेच असते. दोन महिने त्याचीच भीक मागत होते. पण वरच्या ओळींनी खाली बसवलं.

तुला माहीत होतं! म्हणजे स्मशानात लांब उभा राहिलास तेव्हा पण माहीत होतं? मी आजवर समजत होते की पोराला ठाऊक नाही म्हणून तो बापाला शिक्षा देतो, आणि ती माझी चूक. मी रोज स्वतःला खात होते. आणि तू डोंबिवलीत बसून वाट बघत होतास, आई कधी बोलते. मी बोलावं म्हणून त्याला मारलंस तू. तो रस्त्यावरून फौजखाऊ ऐकत जायचा, तू तिथे गप्प आणि मी इथे गप्प. सीताराम, कोणी बाहेरचं असतं तर मी पाटी डोक्यात घातली असती. पण घालू कोणाच्या? आपण दोघं सारखेच निघालो. कपाळ तुझं वेगळं असेल, आतलं माझंच आहे.

काल सकाळी बाजारात गेले आणि सगळ्यांपुढे सांगितलं. दामाजीने काही केलं नव्हतं, मी केलं. आवडाबाईच्या हातातला कोयता तसाच राहिला. म्हणाली, ‘आणि इतकी वर्सं मी तुज्या नवऱ्याला नको ते बोलत व्हते?’ म्हटलं, होय. तिने मासळीवर घालायला माझ्याकडून पाला घेतला नाही, शेजारणीकडून घेतला. चालेल. गोमाजी म्हणाला, ‘वहिनी, मेल्यावर कशाला?’ त्याला म्हटलं, जिवंतपणी हिंमत नव्हती म्हणून.

आज दुपारी शुभदा आली. तूच पाठवलीस. दारातूनच ओरडली, ‘आजी, पप्पा स्वतःहून म्हणाले, जा! काय जादू केलीस?’ येताना नवा रंग आणलेला, निळा. पिशवीतून बाटल्या काढून ओळीने मांडल्या. तिला बघून मला वाटलं, गप्प बसावं. चहा करावा. नंतर कधीतरी सांगावं. सांगायला कोणी लावलं नव्हतं मला. तू लिहिलं नव्हतंस तिला सांग म्हणून. आजोबांनी केलं हे तिने एकदा मान्य केलेलं, आता सगळं सुरळीत होतं.

ती विसावा सैनिक कानशीने घासत होती. मी सांगितलं. चूल, पळी, सगळं. बरं वाटलं होतं ते पण.

तिने कानस खाली ठेवली. विचारलं, ‘आजोबांना माहीत होतं?’

‘होतं. त्यांनीच अंगावर घेतलं.’

‘आणि पप्पांना?’

मी म्हणणार होते, त्याचं त्याला विचार. पण तुझं कार्ड तिथे फळीवर होतं, तिने हात करून घेतलं आणि वाचलं. दोनदा वाचलं. माझ्याकडे बघितलं, तर ती शुभदा नव्हती. इतक्या शांतपणे माझ्याशी कोणी बोललं नाही कधी.

‘म्हणजे तुम्हाला तिघांनाही सगळं माहीत होतं. मग आजी, तुम्ही भांडत कशासाठी होतात?’

मी म्हटलं, ‘अगं, ते तसं नसतं...’

‘कसं असतं?’

अडुसष्ट वर्षांची बाई मी, बाजारात पाच जणींना गप्प करणारी, त्या पोरीपुढे रंगाच्या बाटल्या सरळ करत राहिले. ती उठली. चपला घातल्या. मी म्हटलं, ‘चहा तरी.’ म्हणाली, ‘नको. पप्पांना पण हेच विचारते.’ आणि गेली. मी पुलाच्या तोंडापर्यंत मागे गेले, पण तिची ढांग मोठी आहे, मला गाठवेना.

आत्ता येऊन हे लिहायला बसले. हे तुला मिळेल तोवर तिने तुझ्यासमोर उभं राहून विचारून झालेलं असेल. तिच्यावर ओरडू नकोस. कार्डावर एक ओळ लिहून देऊ नकोस. बस तिच्याजवळ आणि काय असेल ते सांग.

आणि जे सांगशील ते मला पण लिहून पाठव. टोमणा नाही मारत, सीताराम. मला खरंच माहीत नाही.

तुझी आई